काळा पाव, शनिवार तेली आणि भिजलेली कागदपत्रे : बेने इस्रायली घरांतले अनुभव

निमंत्रण, ठाणे

अलिबागेजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा समाज वाढला, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी आजीकडूनच ऐकलेली आहे. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने आपल्याला 'शनिवार तेली' म्हटले. त्या नावात हेटाळणी किती होती आणि नुसती ओळख किती, हे ठरवणे कठीण आहे. ज्यूद्वेष म्हणून जगाला जे ठाऊक आहे ते कोकणाने आपल्याला दाखवले नाही. खरी बोच लागली ती १९४८ नंतर इस्रायलला गेलेल्यांना, आणि तीही स्वधर्मीयांकडून. अशा वेळी आपल्या घरांत कोणते विनोद झाले, ते कोणी केले आणि त्यांचा काही उपयोग झाला का, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

दिमोना, इस्रायल

माझे आजोबा सुरुवातीला बीरशेब्याला राहिले. त्या काळी अन्नधान्य नियंत्रित होते आणि पावासाठी रांग लावावी लागे. काळ्या लोकांना काळाच पाव मिळेल, असे एका दुकानात आमच्या माणसांना ऐकवण्यात आले, ही गोष्ट आजोबांप्रमाणे त्या पिढीतले अनेकजण सांगत असत. आजोबांनी घरी येऊन आजीला म्हटले, "अगो, इथे तोंड बघून पाव देतात, उद्या तू पावडर लावून जा." आजी त्या दिवशी हसली नाही, हे तिने मला स्वतः सांगितले आहे. पुढे बीरशेब्याच्या काही भारतीय कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि आम्हाला भारतात परत पाठवा, अशी मागणी केली. १९५२ साली काहीजण खरोखरच परत गेले आणि त्यांतले बरेचसे काही वर्षांनी पुन्हा इस्रायललाच आले. आमचे आजोबा गेले नाहीत. मात्र शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीदिवसाच्या) ताटाशेजारी पांढरा पाव आला, की "आज तोंड धुतलेस वाटते" असे ते आजीला म्हणत, आणि तेव्हा ती पदराआड हसत असे. मधे पंधरा वर्षे गेली होती.

लोद, इस्रायल

१९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) असा निर्देश काढला, की बेने इस्रायली वधूवरांच्या विवाहाची नोंद करण्यापूर्वी त्यांची आई, आजी आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. माझ्या आत्याचे लग्न त्याच सुमारास ठरले होते. नोंदणीच्या कचेरीत पूर्वजांचे दाखले मागितले गेले, तेव्हा माझ्या वडिलांनी अत्यंत नम्रपणे उत्तर दिले, "होते साहेब, पण जहाज फुटले तेव्हा सगळी कागदपत्रे भिजली." नवगावची कथा ठाऊक नसलेल्या त्या कारकुनाने ते गंभीरपणे लिहून घेतले आणि अपघाताची तारीख विचारली. आमच्या घरात अजूनही एखादी पावती सापडेनाशी झाली, की ती 'नवगावला भिजली' असेच म्हणतात. अर्थात लग्न या विनोदामुळे झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. १९६४ साली लोक जेरुसलेमला उन्हातान्हात धरणे धरून बसले, कनेसेटला, म्हणजे इस्रायलच्या संसदेला, ठराव करून आम्ही सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर करावे लागले, तेव्हा कुठे ती अट सैल झाली.

मुंबई

आमच्या पिढीपर्यंत सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, घरात 'मशीद'च म्हणत. भाड्याचे घर पाहताना दलालाने धर्म विचारला आणि वडिलांनी सवयीने सांगितले, "आम्ही मशिदीत जातो." दलालाचा चेहरा उतरला, तेव्हा वडील पुढे म्हणाले, "पण शनिवारी." घर मिळाले. मला मात्र या किश्शाचे आता हसू येत नाही, कारण 'शनिवारी' म्हणण्याची सोय ज्याला नसते, त्याला ते घर मिळाले नसते.

अश्दोद, इस्रायल

माझ्या मुलीने शाळेत, इतरांनी चिडवण्याआधी आपणच चिडवून घ्यावे या हिशेबाने, स्वतःला 'करी' म्हणवून घेतले. महिन्याभरात वर्गात तिचे खरे नाव कोणी घेईनासे झाले. पावाच्या गोष्टीतल्या आजोबांची विद्या तिच्या उपयोगी पडली नाही. त्यांचा विनोद घरात मराठीत होत असे आणि दुकानदाराला तो कधीच कळला नाही, हा फरक माझ्या उशिरा लक्षात आला.

अलिबाग

वरचे सर्व अनुभव वाचले. आपणही आपल्यातल्यांना 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' (मिश्र विवाहांतली मानलेली संतती) असे वेगळे केले होते, या 'काळ्यां'शी सोयरीक केली नाही आणि त्यांच्या हाताला आपली भांडी लागू दिली नाहीत. माझी आजी प्रत्येक प्रसंगावर काहीतरी गमतीचे बोलत असे. याविषयी मी तिला एकदा विचारले, तेव्हा ती उठून चुलीकडे गेली.