उ: उबुंटूत (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) साइडबारमधून 'डाउनलोड्स', 'म्युझिक' गायब

तुम्ही म्हणता की फोल्डर डिस्कवर शाबूत आहेत, फक्त 'फाइल्स' या फोल्डर बघायच्या प्रोग्रामच्या डाव्या पट्टीतून (साइडबार) नावं उडाली, आणि तो प्रोग्राम रीइन्स्टॉल करूनही फरक नाही. नसणारच, कारण सेटिंग तुमच्या होम फोल्डरात, म्हणजे तुमच्या सगळ्या फाइल्सच्या मुख्य फोल्डरात आहे.

आमच्याकडे गुहागरला गेल्या पावसात हेच झालं. जागा पुरेना म्हणून मी डाउनलोड्स बाहेरच्या हार्डडिस्कवर वळवलं होतं. वारा सुटला की लाइट जाते, हे काय सांगायला नको! लाइट आल्यावर मशीन चालू केलं तेव्हा डिस्कची वायर सैल, आणि डाउनलोड्स गुल.

लॉगिन होताना एक छोटा प्रोग्राम हे फोल्डर जागेवर आहेत का बघतो. एखादा सापडला नाही की त्याचा पत्ता गुपचूप थेट होम फोल्डर करून टाकतो, मग साइडबारला वेगळं दाखवायला काही उरत नाही. डिस्क नंतर जोडली तरी जुना पत्ता परत येत नाही. फोल्डरचं नाव बदललं किंवा तो डिलीट केला तरी तीच गत.

होममध्ये कंट्रोल-एच दाबा, लपलेलं 'डॉट कॉन्फिग' फोल्डर उघडा, त्यात 'यूझर-डर्स डॉट डर्स' नावाची फाइल आहे. माझ्या डाउनलोडच्या ओळीत डॉलर-होमपुढे (म्हणजे होम फोल्डरच्या पत्त्यापुढे) नुसती तिरकी रेघ होती, फोल्डरचं नावच नाही. आधी फोल्डर जागेवर आहे याची खात्री करा, मग पूर्ण पत्ता लिहून लॉगआउट-लॉगिन. उलट क्रमाने केलंत तर पुन्हा पुसलं जाईल. मी दोनदा केलं.

डिस्क बाहेरचीच ठेवायची असेल तर त्याच 'डॉट कॉन्फिग'मध्ये 'यूझर-डर्स डॉट कॉन्फ' फाइल करून 'एनेबल्ड', बरोबरचं चिन्ह, 'फॉल्स' एवढी एक ओळ घाला, म्हणजे तो छोटा प्रोग्राम पत्ते बदलणार नाही.