मदत हवी आहे: पगाराच्या खर्चावरून सीएसआरवाले अडलेत

नमस्कार मंडळी. आमची नाशिकमधली छोटी संस्था आहे. ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर येणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी आम्ही वर्ग चालवतो. १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या, शिवाय कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी (सीएसआर) घ्यायला लागणारी सीएसआर-१ नोंदणी, सगळं आहे.

अडचण अशी: अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीचा सीएसआर निधी तीन वर्षं मिळतोय. तिथले जुने साहेब बदलले. नवीन मॅडम म्हणतात, प्रशासकीय खर्चावरच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेमुळे शिक्षिकांचे पगार बसणार नाहीत. आता शिक्षिकाच नसतील तर वर्गात काय फक्त फळा ठेवायचा? माझ्या वाचनानुसार ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, प्रकल्पावर थेट होणाऱ्या खर्चाला नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २०२१ च्या स्पष्टीकरणातही तसंच आहे. पण हे तोंडावर सांगितलं तर नातं बिघडेल अशी भीती वाटते.

कुणी असं पत्र लिहिलंय का? सीएकडून लिहून घ्यावं, की आधी त्यांना एकदा वर्ग दाखवायला न्यावं? शिवाय आमचा ७० टक्के खर्च या एकाच कंपनीवर आहे, हेही खटकतं. दुसरे देणगीदार कसे जोडलेत तेही सांगा.