अनुभव धागा: मुळ्याचा गणपती आणि टोकियोतला एक निवांत मंगळवार

रानजाई
आज सकाळी मंडईत मुळ्याच्या जुड्या दिसल्या आणि मी पिशवी धरून तशीच उभी राहिले. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "ताई, घ्यायचाय का नुसता बघायचाय?" त्यांना काय सांगू! मला एकदम टोकियोतलं मात्सुचियामाचं देऊळ आठवलं.

तीन वर्षं आम्ही टोकियोत होतो, निशी-कासाईला. परत यायच्या आधीच्या आठवड्यात सामान बांधून झालं होतं. लेक शाळेत, नवरा ऑफिसात आणि माझ्या हातात एक अख्खा मंगळवार. तोझाई लाईनने निहोम्बाशी, तिथून गिंझा लाईनने आसाकुसा. तिथल्या सेन्सोजी या बौद्ध मंदिरात त्याआधी पाच-सहा वेळा गेले होते, पण दर वेळी पाहुण्यांबरोबर, फोटो आणि खरेदीच्या गडबडीत. त्या दिवशी कामिनारीमोन या प्रवेशद्वाराच्या तांबड्या कंदिलाखाली थांबून पहिल्यांदाच मान वर केली. कंदिलाच्या तळाला ड्रॅगन कोरलाय! तीन वर्षांत दिसला नव्हता.

पुढे ते मोठं धूपपात्र. जिथे दुखतं तिथे लोक हाताने धूर ओढून घेतात. एक आजोबा गुडघ्यांवर धूर घेत होते. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी दोन ओंजळी धूर माझ्याकडेही ढकलला. बोलले काहीच नाहीत. इथली मूळ मूर्ती इ.स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात आली असं सांगतात. कान्नोनची म्हणजे अवलोकितेश्वराची मूर्ती, आणि ती कुणालाच दाखवत नाहीत. १९४५ च्या बॉम्बवर्षावात मुख्य मंदिर जळालं, आत्ताचं १९५८ चं. शेजारचं आसाकुसाचं शिंतो देऊळ मात्र १६४९ चं, ते वाचलं. त्या कोळी भावांना आणि गावच्या प्रमुखाला तिथे देव मानलंय. तिथे मी बराच वेळ बसले.

मग नदीच्या कडेने उत्तरेला दहा मिनिटं चालत गेले. छोटीशी टेकडी, वर मात्सुचियामाचं देऊळ. पायऱ्यांजवळ दगडात मुळा कोरलेला, आत वेदीसमोर पांढऱ्याशुभ्र मुळ्यांची रास. हे शोदेन, म्हणजेच कांगितेन. म्हणजे आपला गणपती! मूर्ती इथेही झाकलेलीच. मुळा तब्येतीसाठी आणि घरातल्या सलोख्यासाठी, दुसरी खूण थैलीची, ती बरकतीची. तिथेच मुळा विकत मिळतो. मी घेतला, वाहिला आणि हळू आवाजात अथर्वशीर्ष म्हणायला लागले. तीन वर्षं गावच्या गणपतीला जाता आलं नव्हतं. 'त्वमेव प्रत्यक्षं'च्या पुढे जाताच येईना. मागे उभ्या असलेल्या बाई शांतपणे थांबून राहिल्या, माझं होईपर्यंत.

तुमचेही असे दिवस असतील ना? टोकियो, क्योतो, ओसाका कुठलेही. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील.

पितळीडबा
मुळा??? गणपतीला??? आमच्याकडे नैवेद्याच्या ताटाजवळसुद्धा येऊ देत नाहीत. पण छान लिहिलंस गं. त्या आजोबांच्या धुरापाशी डोळे भरले.

उंबरठा
+१. आणि वाहिलेल्या मुळ्यांचं पुढे काय करतात?

रानजाई
@उंबरठा, उतरवलेले मुळे येणाऱ्यांना प्रसाद म्हणून देतात. मी एक घरी आणून दही घालून कोशिंबीर केली. ७ जानेवारीला तिथे मुळ्याचा उत्सवच असतो, तेव्हा वाफवलेला मुळा वाटतात.

भरतीओहोटी
शिनोबाझु तळं, उएनो. आई आली होती, ७१ वर्षांची, पहिलाच परदेश. तळ्याच्या मधोमध बेंतेन-दो, म्हणजे बेंझाइतेन देवीचं देऊळ. मी सांगायला सुरुवात करणार तेवढ्यात आईच म्हणाली, "ही सरस्वतीच रे, हातात वीणा आहे की." वीणा नाही, बिवा असतो तो, त्यांचं तंतुवाद्य. पण बेंझाइतेन म्हणजे सरस्वतीच. आईने बाहेरच चपला काढल्या आणि मोज्यांवर उभी राहून 'या कुन्देन्दु' म्हटलं. चपला काढायची गरज नव्हती, मी काही बोललो नाही. एका जपानी आज्जींनी ते पाहिलं आणि वाकून आईला नमस्कार केला. आईनेही वाकून केला. मग त्यांनी परत. चार-पाच वेळा चाललं ते.
जुलै-ऑगस्टमध्ये जा, तळं कमळांनी भरलेलं असतं.

पितळीडबा
@भरतीओहोटी, चार-पाच वेळा 😄 माझ्या सासूबाई असत्या तर संध्याकाळपर्यंत चाललं असतं. आई कशा आहेत आता?

भरतीओहोटी
बऱ्या आहेत. गुडघे त्रास देतात. फोटो देवघरात लावलाय.

कोरडवाहू
गुडघ्यांवरून विचारतो. वडिलांना घेऊन एप्रिलमध्ये जायचंय. मात्सुचियामाला पायऱ्या किती? त्यांना वीसच्या वर जमत नाहीत.

रानजाई
@कोरडवाहू, पायऱ्या चढायला नकोत. बाजूला छोटी रुळावरची गाडी आहे, डब्यात बसायचं आणि वर. टेकडी लहानच आहे. बाबांना नक्की ने.

शेवंती_
झोजोजी. टोकियो टॉवरच्या पायथ्याशी असलेलं बौद्ध देऊळ. कोणी गेलं असेल तर माहीत असेल, एका बाजूला लहान लहान जिझोंच्या दगडी मूर्तींची रांगच रांग आहे. डोक्यावर लाल लोकरी टोप्या, शेजारी रंगीत भिरभिरी. मुलांचा रक्षक तो. जन्माला न आलेल्या आणि लहानपणीच गेलेल्या बाळांसाठी आईवडील तिथे येतात.
माझं पाचव्या महिन्यात गेलं होतं. घरी सगळे म्हणाले, विसर आता, दुसरं होईल. कुणी त्याच्याबद्दल बोलायचंच नाही. तिथे एक बाई एका मूर्तीची टोपी नीट करत होत्या, अगदी शाळेत सोडताना करतो तशी. तेव्हा मला कळलं की आठवण ठेवायला परवानगी असते. मी एक भिरभिरं लावलं. वारा आला आणि सगळी भिरभिरी एकदम फिरली.
बारा वर्षं झाली. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

रानजाई
शेवंती, तुला घट्ट मिठी.

उंबरठा
माझी पण. माझं तिसऱ्या महिन्यात. मला नाव ठेवायचं होतं, ठेवू दिलं नाही.

शेवंती_
@उंबरठा, अजूनही ठेव गं.

ताकभात
कुकर लावलाय, पटकन लिहिते. फुकागावा फुदो-दो!! निशी-कासाईकरांना तर तोझाई लाईनवरच, मोन्झेन-नाकाचो स्टेशन. तिथे दिवसातून अनेकदा गोमा होतो, गोमा म्हणजे आपला होम. ज्वाला वर उठते, भले मोठे ढोल वाजायला लागतात, आवाज छातीत घुमतो. देव फुदो म्हणजे अचल. ते मंत्र म्हणतात त्यात 'सेंदा माकारोशादा' ऐकू आलं, ते चण्ड महारोषण! संस्कृत मंत्र चीनमधून फिरत तिथे पोचलेत. शेवटी लोक आपापल्या पर्स पुढे देतात, त्या होमाच्या धगीवर धरून परत मिळतात. मीही दिली. तो वास पर्सला कितीतरी दिवस होता, उघडली की आजोळची मुंज आठवायची. शिट्टी झाली, येते

कोरडवाहू
वडील पूर्ण शाकाहारी. देवळांच्या दिवशी खाल्लं काय तुम्ही?

लिंबूमिरची
@कोरडवाहू, दाशीची, म्हणजे तिकडच्या रश्श्याच्या पाण्याची काळजी घ्या. भाज्यांचा सोबा (शेवयांसारख्या नूडल्स) म्हणून मागवला तरी रस्सा बहुतेक वेळा सुक्या माशाच्या पाण्यातला असतो. 'शोजिन र्योरी' शोधा, मठातलं जेवण. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. नाहीतर सरळ घरून दशम्या न्या. आम्ही उमेबोशीचे ओनिगिरी (खारवलेलं आंबट फळ घातलेले भाताचे गोळे) आणि दशम्या, दोन्ही खाल्लं उएनोच्या बाकावर.

पितळीडबा
दशम्या किती दिवस टिकतात गं? दुधात भिजवतेस का? माझ्या तिसऱ्या दिवशी वातड होतात.

लिंबूमिरची
निम्मं दूध निम्मं तूप. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

सह्यकडा
क्योतोचं लिहितो. सान्जूसान्गेन्दो. सुमारे १२० मीटर लांब लाकडी दालन, १२४९ च्या आगीनंतर १२६६ साली पुन्हा बांधलेलं. आत कान्नोनच्या १००१ मूर्ती. आत फोटो काढू देत नाहीत. ते बरंच आहे, माणूस नुसता बघत राहतो. या गर्दीत आपल्या गेलेल्या माणसाचा चेहरा सापडतो असं तिथे म्हणतात. मी दोन तास फिरलो. वडिलांचा नाही सापडला, पण पुढच्या रांगेत २८ रक्षक देव आहेत, त्यात एक हाडकुळे म्हातारे काठी टेकून उभे. वसु ऋषी, तिकडे बासु-सेन. शेवटच्या आजारपणात दादा असेच उभे राहायचे, गॅलरीचा कठडा धरून. त्यांच्यासमोरून हलताच आलं नाही. त्याच रांगेत बासरी वाजवणारा गरुडही आहे, पंखांसकट.

आणि रानजाई, तुमच्या मुळ्याला जोड. गिओनमध्ये यासाका देवळाजवळ एका जुन्या मिठाईच्या दुकानात 'कांकिदान' मिळतं. मुळात शोदेनचाच नैवेद्य. थैलीच्या आकाराचं, वर कळ्या चिमटून बंद केलेलं, आत मसाले घातलेलं गोड डाळीचं सारण, तिळाच्या तेलात तळलेलं.

ताकभात
तळणीचा मोदक!!!

रानजाई
@सह्यकडा, हे वाचून अंगावर काटा आला. तीन वर्षांत क्योतोला दोनदा गेले आणि हे माहीतच नव्हतं. सारण खूप गोड असतं का? आपल्या पुरणासारखं की कोरडं?

सह्यकडा
कमी गोड. दालचिनी, लवंग आणि थोडा चंदनाचा वास. कडक असतो, मी थोडा गरम करून खाल्ला. सारण घट्ट, पुरणापेक्षा कोरडं. दादांना तळणीचेच आवडायचे.

उंबरठा
मी नाव ठेवलं. शेवंती, तुला व्यनि केलाय.

शेवंती_
वाचला. किती गोड नाव आहे गं.

पितळीडबा
रानजाई, मुळा घेतलास की नाही शेवटी मंडईतून?

रानजाई
दोन जुड्या. एक देवापुढे ठेवलीय. सासूबाईंनी बघितलं, कारण विचारलं, मी सगळं सांगितलं. आत्ता गेले तर त्यावर त्यांनी दूर्वा ठेवलेल्या दिसल्या.