'आनुवंशिक' म्हणजे होणारच का? (सोरायसिसवरून पडलेला प्रश्न)

म्हापशाहून : धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. तिच्या कोपरांवर सोरायसिस हा त्वचेचा विकार आहे, आईलाही आहे. मुलाच्या मावशीने विचारलं, "अनुवांशिक का?" आम्ही "हो, थोडंफार" म्हटलं, आणि तेव्हापासून तिकडून फोन नाही. या शब्दाचा अर्थ 'पुढच्या पिढीत येणारच' असा होतो का? आणि लिहायचं कसं?

फोंड्याहून : लिहायचं 'आनुवंशिक'. अनुषंगाचं जसं आनुषंगिक, तसं अनुवंशाचं आनुवंशिक. 'इक' लागला की पहिला स्वर वाढतो, 'व'ला काना द्यायचं कारण नाही. अर्थ इतकाच, की वंशाला धरून आलेलं. 'येणारच' हे आपण बोलता बोलता त्यात घातलं. सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए-सी या जनुकाचा ०६:०२ नावाचा प्रकार सोरायसिसशी सर्वांत घट्ट जोडलेला आहे, पण तो बाळगणाऱ्या बहुतेकांना आयुष्यभर एक चट्टाही उठत नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाला असतो आणि दुसऱ्याला नसतो. घशातला स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग, कातडीला झालेली इजा, काही औषधं, असं काहीतरी निमित्त बहुधा लागतं. म्हणून 'सोरायसिसची प्रवणता आनुवंशिक आहे' असं म्हणावं. मावशींना हेही स्पष्ट सांगा, की तो स्पर्शाने लागत नाही.

डिचोलीहून : मला स्वतःला वीस वर्षं आहे. माझी तक्रार 'प्रतिकारशक्ती' या शब्दाबद्दल आहे. शेजारच्या काकी मायेने गुळवेलीचा काढा घेऊन येतात, "प्रतिकारशक्ती वाढव गो, जाईल." शक्ती म्हटली की ती कमी पडली, वाढवायला हवी, असंच मनात येतं. इथे ती कमी पडलेलीच नाही. टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, नको तिथे जाग्या होतात, आयएल-२३ आणि आयएल-१७ हे पेशींचे रासायनिक निरोप सुटत राहतात आणि कातडी घाईला येते. एरवी त्वचेची पेशी तळातून वर येऊन गळायला महिनाभर घेते, सोरायसिसमध्ये काही दिवसांत वर येते. ती पिकायच्या आतच खालून दुसरी ढकलते, म्हणून थर साचतो. सकाळी चादर झटकली की पांढरी पापुद्र्यांची भुकटी उडते, ती हीच. नवी इंजेक्शनं तर हेच निरोप अडवतात. तेव्हा 'प्रतिकारयंत्रणा बिघडली' म्हणा, 'शक्ती' गाळा.

फोंड्याहून : मान्य. चरकसंहितेत एककुष्ठाच्या वर्णनात माशाच्या खवल्यांची उपमा आहे. बाजारात चणक मासा साफ करताना पाहिलेल्या गोंयकाराला ती लगेच पटेल. काही वैद्य सोरायसिसला हेच नाव देतात. पण बोलणी करताना ते उच्चारू नका. चरकसंहितेत कुष्ठ म्हणजे त्वचेचे सगळेच विकार, आजच्या मराठीत मात्र महारोगच.

म्हापशाहून : मावशींशी आईच बोलणार आहे. 'प्रवणता' तिच्या तोंडी बसणार नाही. 'कल' चालेल?

डिचोलीहून : चालेल. "आमच्या घराण्यात त्याचा कल आहे, सगळ्यांना होतो असं नाही." आणि बहिणीलाही जवळ बसू दे.