आउटपुट ‘येऊन नाही राहिलं’ म्हणजे नेमकं काय?

— राजेहो, एक शब्द पाहिजे. आमच्या इकडे दारव्ह्याकडं गावातल्या एका पोरानं सोयाबीनच्या काट्याचा हिशेब ठेवाले पायथनमधी खिडकीवालं सॉफ्टवेअर बनवलं, बटन दाबलं का मागं शेलची (कॉम्प्युटरले टाइप करून हुकूम देते त्या प्रोग्रामची) कमांड चालते अन उत्तर खालच्या डब्यात दिसाले पाहिजे, तर डबा कोराच, आणि तेच काळ्या टर्मिनलमधी (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) मारलं का धडाधड ओळी. पोरगं म्हणते आउटपुट येऊन नाही राहिलं. मले त्याचं मराठी मॅन्युअल लिहायचं आहे. ‘प्रदान’ लिहिलं तर पुरस्कार दिल्यावानी वाटते, ‘उत्पादन’ लिहिलं तर लोक एकरी झडती इचारतीन. काय लिहू?

— आउटपुटच लिहा की भाऊ, कोणाला नाही समजत? खरी गोची क्रियापदात आहे. ‘येत नाही’ म्हणजे निघालंच नाही, का निघालं पण भलतीकडं गेलं, का मधातच साचलं? तिन्हीचे उपाय वेगळे. साचणं लय फसवं असतं. टर्मिनल समोर असलं की प्रोग्राम सहसा ओळ झाली की सोडतो, पण पुढं पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याकडं नेणारी नळी) दिसला की बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जमा करत बसतो, आणि मग बराच वेळ काहीच नाही अन शेवटी सगळं एकदम. पायथनला मायनस यू (-u, साठवू नको असं सांगणारा पर्याय) द्या, बाकीच्यांना एसटीडीबफ (stdbuf, साठवणं बदलणारी कमांड) वापरून बघा. आणि साचणं वेगळं, तुंबणं वेगळं बरं का. तुमच्या खिडकीनं पाइप वाचलाच नाही तर लिनक्सवर साधारण ६४ केबीला तो भरतो अन कमांड जागीच थांबते. याला तुंबलं म्हणा, मराठीत याच्याहून नेमका शब्द नाही.

— भलतीकडं गेलं त्यावर मी बोलतो. प्रोग्रामले दोन तोंडं असतात, १ नंबरमधून साधं आउटपुट अन २ नंबरमधून एरर. पोरानं १ नंबरच पकडलं असन. एररले मी तं सरळ ‘बोंब’ म्हणतो. कमांडच्या शेवटी २>&१ लावा (म्हणजे २ नंबरचं १ नंबरमधीच सोड; आकडे इंग्रजी टायपा), बोंबही डब्यात येईन. फाइलीत घेत असान तं आधी फाइल, मंग हे, उलटं लावलं का बोंब बाहेरच राहते.

— लावलं. डब्यात एकच ओळ आली, नॉट फाउंड, अन एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) १२७, म्हणजे कमांड सापडलीच नाही.

— मंग निघालंच नाही ना बाप्पा! आयकॉनवरून उघडलेल्या प्रोग्रामले टर्मिनलवाला पाथ (कमांडी कुठं शोधायच्या त्या फोल्डरची यादी) भेटनच असं नसते, बॅशआरसीत (.bashrc, टर्मिनल उघडताना शेल वाचते ती फाइल) लिहिलेलं त्याच्यापर्यंत जात नाही. कमांडचा पूर्ण पत्ता लिहा.

— पूर्ण पत्ता टाकला, ओळी दिसून राहिल्या. मॅन्युअलमधी ‘निघालं नाही’, ‘भलतीकडं गेलं’, ‘साचलं’, ‘तुंबलं’ असे चार मथळे घेतो. ‘बोंब’ ठेवू का? सरपंचही वाचणार आहे म्हणून इचारतो.

— ठेवा. त्याले तं पयले समजन.