जुन्या सरकारी वसाहती पाडून ‘परवडणारी घरं’: हिशेब घरांचा धरायचा की भाड्याचा?

बेरीजवजाबाकी
कमी भाड्याच्या जुन्या सार्वजनिक वसाहती पाडा आणि तिथे नवी परवडणारी घरं बांधा, या प्रस्तावाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. गळकी छपरं, ओल धरलेल्या भिंती, महिनोन् महिने बंद पडलेली लिफ्ट हे सगळं डोळ्यांसमोर असताना नाही म्हणायचं तरी कसं? मीही वर्षानुवर्षं हो म्हणत आलो. हल्ली एक सवय लावून घेतली आहे. योजनेची चकचकीत चित्रं बाजूला ठेवायची आणि दोनच आकडे शोधायचे: आधी त्या भाड्याची किती घरं होती, आणि नंतर त्याच भाड्याची किती उरली.

लंडनच्या साउथवर्क भागातली हेगेट वसाहत घ्या. १९७४ साली पूर्ण झालेली, सुमारे १,२०० घरांची. २०११ ते २०१४ या काळात ती पाडली. तिच्या जागी येणाऱ्या आराखड्याला परवानगी मिळाली तेव्हा त्यात घरं होती अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त. पण सामाजिक भाड्याची, म्हणजे बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी सरकारी भाड्याची घरं? ८० च्या आसपास. बाकीची काही ‘परवडणारी’ या सदरात बसवलेली. इंग्लंडमध्ये २०११ पासून बाजारभाड्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच्या भाड्यालाही ‘परवडणारं’ म्हणता येतं. बाजार भडकलेला असेल तिथे ८० टक्के कुणाला परवडतात, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

माझं म्हणणं एवढंच: घराला घर आणि भाड्याला भाडं मिळणार असेल तरच पाडा. नाहीतर त्याला पुनर्विकास म्हणू नका, जमीनविक्री म्हणा.

ओळंबा
असहमत. हरकत हिशेबाला नाही, त्यात काही गोष्टी धरलेल्याच नाहीत याला आहे. मी बांधकामातला माणूस आहे. जुनी इमारत तुम्ही ‘शिल्लक’ म्हणून मांडता, मी ती ‘देणं’ म्हणून मांडतो.

१९६८ च्या मे महिन्यात लंडनमध्येच रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसं गेली. स्फोट तसा फार मोठा नव्हता. कारखान्यात ओतून आणलेल्या काँक्रीटच्या भिंती एकमेकींवर रचलेल्या, त्यामुळे एक सरकली की वरचं सगळं खाली. पुढे डागडुजी करून तिथे माणसं पुन्हा राहायला गेली! १९८६ मध्ये ती उतरवताना सांधे उघडले, तेव्हा कळलं की काम मुळातच किती गबाळं झालं होतं. बाहेरून बघून ते दिसणारं नव्हतं.

अशा पद्धतीच्या इमारती युरोपात ढिगांनी बांधल्या गेल्या. सांधा उघडल्याशिवाय कळत नाही आणि माणसं आत राहत असताना सगळे सांधे उघडता येत नाहीत. सळ्या गंजल्या, पोपडे पडायला लागले, की दर पाच वर्षांनी मलमपट्टी करण्याचा खर्च कुठल्या रकान्यात टाकणार? आणि नवी घरं विकायचीच नाहीत म्हणालात तर पैसा कुठून आणणार? कागदावर १,२०० घरं जपाल, प्रत्यक्षात १,२०० धोकादायक खोल्या जपाल.

मधलीसुट्टी
मुळात गरिबांसाठी उंच इमारती हीच चूक. अमेरिकेतल्या सेंट लुईसची प्रुइट-आयगो वसाहत बघा. विसेक वर्षांत सुरुंग लावून उडवायची वेळ आली. विषय संपला.

शून्यमजला
@मधलीसुट्टी, विषय तिथेच सुरू होतो हो! ११ मजल्यांच्या ३३ इमारती, १९५० च्या दशकात बांधलेल्या, १९७२ पासून पाडायला घेतलेल्या. पण बांधायला सरकारचा पैसा आणि देखभालीचा खर्च मात्र भाड्यातून काढायचा, अशी तिथली रचना होती. शहराची लोकसंख्या घटली, घरं रिकामी राहिली, भाडं आटलं, म्हणून दुरुस्ती थांबली, म्हणून आणखी लोक गेले. उंचीचा दोष असता तर श्रीमंतांचे मनोरे कधीच ओस पडले असते.

@ओळंबा, पैशाचा आणि माणसं आत असण्याचा मुद्दा घेतो. फ्रान्समध्ये बोर्दो शहरात ग्रां पार्क वसाहतीतल्या साठच्या दशकातल्या तीन इमारती, ५३० घरं. पाडायच्या चर्चा झाल्या होत्या. लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर त्या पाडल्याच नाहीत. दर्शनी भिंतीला लागून जवळपास चार मीटर खोल काचबंद सज्जे जोडले, म्हणजे प्रत्येक घराला जवळजवळ एक जादा खोलीच. भाडेकरू आपापल्या घरात राहत असताना काम झालं. भाडं वाढलं नाही. २०१९ चा युरोपचा वास्तुकलेसाठीचा मीस व्हॅन डर रोह पुरस्कार या कामाला मिळाला. पाडून नव्याने बांधण्यापेक्षा खर्चही बराच कमी आला. ‘पाडा’ किंवा ‘कुजू द्या’ हे दोनच पर्याय समोर ठेवणं ही ठेकेदारी सवय आहे.

ओळंबा
ठेकेदार नाही हो मी, पगारी आहे. :) बोर्दोचं काम उत्तमच. पण ते जमलं कारण मूळ सांगाडा ठणठणीत होता, आणि नवे सज्जे स्वतःच्या खांबांवर उभे आहेत, जुन्या इमारतीवर त्यांचा भार नाही. सांगाडाच आजारी असेल तर त्याला सज्जा काय नि काच काय.

आणि इमारत वाचली म्हणजे भाडेकरू वाचला, हे कुणी सांगितलं? ॲमस्टरडॅममधली क्लायबर्ग ही प्रचंड लांब इमारत पाडायची ठरली होती. मालक गृहसंस्थेने ती एका युरोला देऊ केली. घेणाऱ्यांनी जिने, लिफ्ट, सामायिक भाग नीट केले आणि आतली घरं अर्धवट अवस्थेत विकली: घ्या आणि हवी तशी पूर्ण करा. तिलाही तोच पुरस्कार, २०१७ चा. काँक्रीट वाचलं, कमी भाड्याची घरं गेली. आता सांगा, पाडापाडी न करताही बेरीजवजाबाकी यांचा हिशेब तुटीतच गेला ना?

बेरीजवजाबाकी
गेला. हा मुद्दा मान्य, माझ्या लेखात तो यायला हवा होता. म्हणून तर म्हणतो, घर मोजू नका, भाडं मोजा.

पण ‘विक्रीशिवाय पैसा नाही’ हे अर्धसत्य आहे. टोरोंटोच्या रीजंट पार्कमध्ये २००५ पासून टप्प्याटप्प्याने पुनर्विकास चालू आहे. जुनी २,०८३ घरं उत्पन्नानुसार भाड्याची होती. ती सगळी बदलून द्यायची आणि भोवती बाजारभावाची घरं बांधून विकायची, असा करार. म्हणजे विक्री आहे, पण आधी जुन्यांचा आकडा बांधून घेतलेला. तिथेही खोट आहे: बदली घरांपैकी काही मूळ जागेबाहेर दिली. शिवाय काम इतकी वर्षं चाललंय की तेव्हाची शाळकरी मुलं आता नोकरीला लागली असतील. तरी हेगेटपेक्षा लाख पटीने बरं. उलट अमेरिकेत एका घरामागे एक घर बांधण्याचं बंधन १९९५ मध्ये स्थगित केलं आणि १९९८ मध्ये काढूनच टाकलं. त्यानंतर पाडलेल्यापेक्षा बांधलेलं कमी भरलं, यात नवल ते काय.

तिसराजिना
इतके दिवस नुसती वाचत होते. तुम्ही सगळे इमारतीबद्दल बोलताय, मी मधल्या काळाबद्दल बोलते. आमची वसाहत अशीच रिकामी केली. दोन वर्षांत परत आणू म्हणाले, सहा लागली. मधल्या घरात आईची तब्येत गेली ती गेलीच. परतीची यादी निघाली तेव्हा माझा भाऊ वेगळा राहत होता, भाडेपुस्तकावर नाव वडिलांचं, आणि वडील तोवर हयात नव्हते. कार्यालयातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की पात्रता मूळ नोंदीवर ठरते. नोंद होती, माणूस नव्हता. वारसाचा कागद आणायला आणखी आठ महिने.

पत्ता बदलला की डॉक्टर बदलतो, मुलांची शाळा बदलते, संध्याकाळी आईजवळ बसणारी शेजारीण बदलते. हे कुठल्या रकान्यात टाकताय?

शून्यमजला
यासाठीच आधी बांधा, मग हलवा. सिंगापूरमध्ये निवडक वसाहतींचा पुनर्विकास १९९५ पासून होतो, त्यात रहिवाशांना सहसा जवळच बांधलेली नवी घरं देतात, शेजाऱ्यांना एकत्र अर्ज करायचीही सोय आहे. अर्थात तिथे जमीन सरकारची आणि रहिवासी ९९ वर्षांच्या पट्ट्याचे धारक, त्यामुळे थेट तुलना होत नाही. पण क्रम शिकण्यासारखा आहे.

दुसरं म्हणजे मतदान. लंडनच्या महापौरांनी २०१८ पासून अट घातली: शहराचा निधी हवा असेल आणि घरं पाडून दीडशे किंवा जास्त नवी बांधायची असतील, तर आधी रहिवाशांचा कौल घ्या. अशी अट सगळीकडे हवी.

ओळंबा
मतदान हवंच. फक्त मतदार कोण? वसाहतीत राहणारे. वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत असलेलं, एका खोलीत पाच जण राहणारं कुटुंब दुसऱ्या वस्तीत असेल तर त्याला मत नाही. रिकाम्या आवारात त्याच्यासाठी आणखी दोनशे घरं बसतात आणि आतल्यांनी नको म्हटलं, तर? तुमच्या ‘घराला घर’ नियमात ते कुटुंब कुठेच नाही. आकडा आहे तिथेच राहिला हे तुम्हाला यश वाटतं, त्यांना ती बंद दाराची पाटी वाटते.

बेरीजवजाबाकी
हा खरा टोला. ‘घराला घर’ ही किमान अट आहे, कमाल नाही, असं मी म्हणू शकतो. पण आतल्यांनी वाढीलाच नकार दिला तर काय, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. @तिसराजिना, तुमच्याकडे कौल घेतला असता तर तुम्ही काय म्हणाला असतात?

तिसराजिना
हो म्हणाले असते. अजूनही म्हणेन. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं, जिन्याचा कठडा हातात यायचा. वर आणखी दोनशे काय, तीनशे घरं बांधली असती तरी माझी हरकत नव्हती. फक्त परत यायची तारीख, भाड्याचा आकडा आणि वडिलांच्या नावापुढे आमची दोघांची नावं, एवढं बाहेर पडायच्या आधी एका कागदावर हवं होतं. तो कागद मागितला तेव्हा ‘विश्वास ठेवा’ म्हणाले.