टीपीएनवरचं (शिरेतून पोषण घेणारं) बाळ: ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि मेटाबॉलिक स्क्रीन (जन्मजात चयापचय आजारांची चाळणी) कसे वाचायचे?

प्रश्न: २८ आठवड्यांत जन्मलेलं बाळ, पाचवा दिवस, शिरेतून लिपिड (चरबी) ३ ग्रॅम/किलो/दिवस. ट्रायग्लिसराइड ३१० मिग्रॅ/डेसीलीटर. रक्तठिपक्यावर (कार्डावर वाळवलेला रक्ताचा थेंब) मेथिओनिन, फेनिलअ‍ॅलनिन, ल्युसिन ही अमिनो आम्लं सगळीच वाढलेली. चयापचयाचा जन्मजात आजार धरायचा का?

उत्तर १: आधी नमुना कुठून घेतला ते पाहा. लिपिड चालू असलेल्या लाइनमधून रक्त काढलं असेल तर आकडा फसवाच. टाचेतून पुन्हा घ्या. तरीही २६५ च्या वर राहिलं तर लिपिड कमी करा, पूर्ण बंद नको. आवश्यक फॅटी अ‍ॅसिडची कमतरता काही दिवसांतच होते. सेप्सिसही (रक्तातला जंतुसंसर्ग) शोधा. आणि प्लाझ्मा दुधाळ असेल तर सोडियम खोटं कमी दिसू शकतं, ते ब्लड गॅस मशीनवर तपासा.

उत्तर २: अनेक अमिनो आम्लं एकदम वाढली की बहुधा टीपीएनच. फक्त ल्युसिन आणि व्हॅलिन उसळली असतील तर मात्र एमएसयूडी (मेपल सिरप युरिन डिसीज, ही आम्लं शरीरात न मोडण्याचा जन्मजात आजार) आहे का ते लगेच तपासा, तासांचा प्रश्न असतो. एमसीटी (मध्यम साखळीच्या चरबीच्या) तेलाने सी८ (स्क्रीनमध्ये मोजलं जाणारं एक अ‍ॅसिलकार्निटिन) वाढतं. कार्डावर टीपीएन, एमसीटी, औषधं सगळं लिहा.

उत्तर ३: रक्त चढवण्याआधीचा ठिपका हवाच. नंतर दात्याच्या लाल पेशींमुळे गॅलॅक्टोसेमियाचं (गॅलॅक्टोज साखर शरीरात न मोडण्याचा जन्मजात आजार) एन्झाइम नॉर्मल दिसतं. कार्ड आडवं ठेवून किमान ३ तास वाळवा.